दोरीखाली दोन, दोरीखाली पाच

३ नोव्हेंबर, सोमवार

गणिताचे सर घरी स्टुलावर चढून दिवा बदलत होते, पडले आणि पाय मोडला. सहा आठवडे येणार नाहीत. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "दहावीची निर्देशक भूमिती तुम्ही घ्या."

"बाई, मी भाषा शिकवते."

"म्हणून तर. तुम्ही शिकवलेलं मुलांना निदान ऐकू तरी येतं."

नाही म्हणायला हवं होतं. पण दहावीत मला गणितात चांगले मार्क होते, हे मी मागे कुठल्याशा सहलीत फुशारकीनं सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलेलं संकट. घरी येऊन पुस्तक उघडलं. रेषेचा चढ. एकतीस वर्षांनी. आकृत्या ओळखीच्या वाटल्या, जुन्या शेजाऱ्यांसारख्या. नावं मात्र आठवत नव्हती.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला तास. फार वाईट गेला नाही. दोन बिंदू घ्यायचे, उभ्या अंतरांतला फरक वर, आडव्या अंतरांतला फरक खाली, भागाकार केला की चढ. वर ज्या बिंदूपासून सुरुवात केली त्याच बिंदूपासून खालीही करायची, नाहीतर चिन्ह उलटं येतं, हे मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला लागले तेव्हा मागच्या बाकावरून "कळलं, बाई" असा कण्हल्यासारखा आवाज आला.

पण भाषेची बाई आड आलीच. खाली येणाऱ्या रेषेलाही पुस्तक चढच म्हणतं. ऋण चढ. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं विचारलं, "बाई, मग उतार म्हणायचं नाही का?" मी म्हणाले, "गणितात नाही." ती म्हणाली, "म्हणजे जिना उतरताना आपण ऋण चढतो." वर्ग हसला. मीही हसले. खरं तर तिचं बरोबर आहे.

बाबा ढाळ म्हणायचे. त्यांच्या धंद्यात चढ हा शब्दच नव्हता. फरशी असो, मोरी असो, गच्ची असो, ढाळ. पाणी ज्या बाजूला जातं ती बाजू महत्त्वाची, ज्या बाजूने येतं ती नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आईकडे गेले होते. ती परवा गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना दारातल्या उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा सुजून टम्म झालाय. हे तिनं मला फोनवर सांगितलं नव्हतं. धाकट्या भावानं सांगितलं.

तो उंबरा म्हणजे आमच्या घरची जुनी गंमत. जिन्याच्या दारात सहा इंच उंच. घरात येणारा प्रत्येक माणूस एकदा तरी त्याला ठेचकाळलाय. तो तिथे आहे, कारण गच्चीचा ढाळ उलटा आहे. पाणी रस्त्याकडे जायचं सोडून जिन्याकडे येतं. तिथे भिंतीला भोक, भोकातून पाइप, तो पाइप घराला अर्धी प्रदक्षिणा घालून पुढच्या गटाराला मिळतो. आता तो दोन ठिकाणी गळतो आणि स्वयंपाकघराची भिंत ओली झाली आहे.

बाबा गवंडी होते. साधेसुधे नाही. लोक त्यांना खास ढाळासाठी बोलवायचे. काम झालं की पेलाभर पाणी ओतायचे आणि खाली बसून बघत राहायचे. पाणी मध्ये कुठेही न रेंगाळता मोरीपर्यंत गेलं की पेला पालथा घालून उठायचे. आणि या माणसाच्या स्वतःच्या घराची गच्ची उलटी. त्यांचा कामावरचा जोडीदार आयुष्यभर चिडवत राहिला, "लोकांच्या घरी ढाळ, स्वतःच्या घरी घोळ!" बाबा हसायचे. म्हणायचे, "रविवारचं काम होतं. हात सुट्टीवर होता."

धाकटा आज म्हणाला, "ताई, आता वरचा सिमेंटचा कोबा फोडून ढाळ सरळ करून घेऊ. उंबरा काढू, पाइप काढू. एकदाची कटकट मिटेल."

आई म्हणाली, "फोडायचं नाही."

"अगं, गुडघा बघ स्वतःचा."

"गुडघा माझा आहे."

मला त्या गच्चीबद्दल जरा हळवेपणा आहे हे कबूल केलं पाहिजे. त्या कोब्याच्या मापाचा आलेख मी काढून दिला होता. दहावीत होते. बाबांनी मला सांगितलं, मास्तरीणबाई, एवढं गणित करून दे. ते मला लहानपणापासून मास्तरीणबाईच म्हणायचे.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. "बाबांनी मला सांगितलं" हे खरं नाही. मी हट्ट केला होता. त्यांना गणिताची गरजच नव्हती. ते दोन टोकांना दोरी बांधायचे, पाणसळीनं ती सरळ आहे ना बघायचे आणि दोरीखाली मोजून मधले ठिपके डोळ्यांनी भरत जायचे. मीच म्हणाले, शाळेत नवीन शिकवलंय, मी काढून देते.

लिहिताना आपण स्वतःला जरा बऱ्या जागी उभं करतो. लक्ष ठेवलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

धाकट्यानं मिस्त्री आणला. मी शाळेतून थेट तिकडे गेले. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. त्याची चाल बाबांसारखी, पाय टाकायच्या आधी जमीन जोखणारी. गच्चीवर उकिडवा बसला आणि कोब्यावर तळहात फिरवला.

"कुणी केलंय हे?"

"आमच्या वडिलांनी."

"अडाण्याचं काम नाही हो. एवढ्या वर्षांत एक तडा नाही. ढाळ फुटाला पाव इंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. सदरा झकास शिवलाय, ताई. फक्त बटणं पाठीवर."

धाकटा खो खो हसला. मला राग आला. कुणाचा ते कळलं नाही.

मग मिस्त्रीनं दारापाशी छिन्नीनं थोडं उकरलं. म्हणाला, "हे बघा. पाइप कोब्याच्या खालून गेलाय. म्हणजे आधी भोक, आधी पाइप, आधी उंबरा. मग कोबा. चुकून झालं असतं तर नंतर भिंत फोडलेली दिसली असती. ज्यानं केलं त्यानं ठरवून केलंय."

म्हणजे हात सुट्टीवर नव्हता. बाबांनी मुद्दाम केलं होतं. मला फार बरं वाटलं. घरी येताना त्याचं कारण शोधत होते. बहुतेक तेव्हा रस्त्याच्या बाजूला गटार नसेल, पाइप पुढपर्यंत नंतर वाढवला असेल. मग पाणी पुढे सोडून काय करणार? असंच असलं पाहिजे. जोडीदारकाका हयात असते तर त्यांना हे सांगितलं असतं.

मिस्त्रीला रविवारपर्यंत कळवायचं आहे. नंतर तो दुसरं काम धरणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला फोन केला. "तेव्हा पुढे गटार नव्हतं ना गं?"

"होतं की. तुझी शाळेची चप्पल पडली होती त्यात. नवी कोरी."

"मग बाबांनी पाणी मागे का वळवलं?"

ती म्हणाली, "दूध उतू जातंय," आणि फोन ठेवला. संध्याकाळी सहाला ती दूध तापवत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय झालं ते क्रमानं लिहिते.

मुलांना नुसती आकडेमोड करून कंटाळा आला होता. मला वाटलं, बाबांचं गणित द्यावं. खरं घर, खरी गच्ची. अंकाला अंक म्हणून नाही, काहीतरी म्हणून बघतील. खरं सांगायचं तर मलाच बाबांबद्दल बोलायचं होतं. बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नाही.

मी सांगितलं, गच्ची बारा फूट लांब. एक गवंडी आडवी दोरी बांधतो. म्हणतो, जिन्यापाशी फरशी दोरीखाली दोन इंच, रस्त्यापाशी दोरीखाली पाच इंच. चढ काढा. हे शब्द त्यांचेच आहेत, दोरीखाली दोन, दोरीखाली पाच. एकतीस वर्षांत विसरले नाही. त्यांची म्हणायची एक लय होती.

मग मी फळ्यावर काढून दाखवलं. जिना डावीकडे, शून्यावर. उंची दोन. रस्ता उजवीकडे, बारावर. उंची पाच. बिंदू जोडले. पाच वजा दोन भागिले बारा वजा शून्य. तीन छेद बारा. एक छेद चार, धन. फुटाला पाव इंच. हात झरझर चालला. खडूसुद्धा मोडला नाही.

चष्मेवालीनं हात वर केला. "बाई, पण तो दोरीखाली म्हणाला ना?"

"हो."

"मग ते खाली ना? वजा दोन आणि वजा पाच. दोरी म्हणजे एक्स-अक्ष. तुम्ही तर दोरीच्या वर काढलंत."

मी फळ्याकडे बघत राहिले. रेषा डावीकडून उजवीकडे वर जात होती. जिन्याकडून रस्त्याकडे. पाणी उलटं, जिन्याकडे, येणार.

"बाई, या गवंड्याच्या घरात पाणी शिरेल," मागून कुणीतरी म्हणालं.

तास संपायला दहा मिनिटं होती. मी त्यांना उदाहरणसंग्रह सोडवायला दिला.

१५ नोव्हेंबर, पुन्हा

अजून एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ती लिहिल्याशिवाय ही वही बंद करणं प्रामाणिक होणार नाही.

त्या रविवारी मी आलेख घेऊन गच्चीवर गेले, तेव्हा बाबा दोरी ताणत होते. मी ऐटीत कागद दिला. वर रेषा, खाली तक्ता, स्लॅबपासून उंची: दोन, अडीच, तीन, साडेतीन, चार, साडेचार, पाच. त्यांनी कागद बराच वेळ धरला. म्हणाले, "ढाळ रस्त्याकडे जातोय ना गं हा?"

मी म्हणाले, "बाबा, ढाळ नाही, चढ म्हणतात. आणि रेषा वर जाते आहे, धन आहे. दिसत नाही का?"

"पुन्हा एकदा बघ."

मी न बघताच म्हणाले, "बघितलंय. बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

ते चौथी शिकलेले होते. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं, मास्तरीणबाई." आवाजात राग नव्हता. मी खाली येऊन आईला सांगितलं की माझं गणित बरोबर आलं.

हे वाक्य, काय कळतं हे, मी विसरले नव्हते. पण इतकी वर्षं मला वाटायचं की ते उद्धट होतं, एवढंच. ते चूकही होतं हे आज कळलं.

आता वाटतं, बाबांनी पुस्तकापुढे मान तुकवली असेल का? डोळ्यांना दिसत असूनही, छापलेलं खोटं कसं असेल, असं? तसं असेल तर ते माझ्याने सहन होणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच आईकडे गेले. ती खाटेवर गुडघ्याला पट्टा बांधून शेंगा निवडत बसली होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"गच्ची माझ्यामुळे उलटी आहे ते."

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"माझ्या वर्गातल्या मुलीनं."

"हुशार दिसते." मग म्हणाली, "त्यांनी मला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. धाकट्यालासुद्धा नाही. त्या वर्षी तू सहामाहीत गणितात नापास झाली होतीस. आठवतं? शाळाच नको म्हणत होतीस. शिवणाच्या क्लासला जाते म्हणत होतीस."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मला फक्त चांगले मार्क आठवत होते, शेवटचे. सहलीत सांगितलेले.

"मग एक दिवस तू कागद घेऊन नाचत वर गेलीस. मी जेवायला बोलवायला गेले तर हे भिंतीला भोक पाडत बसलेले. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, पाण्याचं काय, मी वळवीन तिकडे जाईल. पोरगी आत्ता कुठे वळली आहे."

"पण मी पुढे गणित सोडलंच की गं. भाषा घेतली."

"त्यांनी कुठे म्हटलं होतं गणितच कर? शाळा सोडू नको एवढंच होतं."

"आणि जोडीदारकाका आयुष्यभर चिडवत राहिले."

"हसायचे की हे. त्यांना आवडायचं ते. काका गेल्यावर मला म्हणाले, आता घोळ म्हणणारं कुणी उरलं नाही."

मी रडले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आई पाठीवरून हात फिरवत होती आणि मध्येच सूप जवळ ओढून शेंगा निवडत होती, कारण तिला रिकामं बसवत नाही.

मग म्हणाली, "त्यांची पेटी बघ. पाणसळीच्या खाली."

हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे, तशीच. ओळंबा, थापी, गुण्या, पाणसळ. लोखंडाचा आणि जुन्या सिमेंटचा वास. पाणसळीच्या खाली माझा आलेख, चार घड्या, कडांना राखाडी बोटांचे ठसे. माझी निळी रेषा वर जाणारी. बाजूला माझ्या अक्षरात "चढ = १/४". शेजारी मी स्वतःच स्वतःला बरोबरची खूण केली होती. ते बघून मला लाज वाटली आणि जरा हसूही आलं.

मी कागद कॅलेंडरचं पान उलटावं तसा वरून खाली उलटला. पाठीमागे गवंड्याच्या जाड पेन्सिलीची एक रेषा होती. डाव्या टोकाला "जिना", उजव्या टोकाला "रस्ता", बाबांच्या मोठ्या, एकेक सुट्या अक्षरात. वरती एक आडवी रेघ आणि तिच्यावर "दोरी". रेघेखाली ठिपके. दोन, अडीच, तीन, साडेतीन, चार, साडेचार, पाच. रेषा रस्त्याकडे उतरत होती.

खिडकीच्या उजेडासमोर धरला. त्यांची रेषा बरोबर माझ्या रेषेवरून गेली होती. वेगळी रेषा नव्हतीच. माझीच, मागून गिरवलेली.

म्हणजे पुस्तकापुढे मान तुकवली नव्हती. त्यांना सगळं कळलं होतं. कुठे चुकलं, का चुकलं, किती सरळ चुकलं, सगळं. एका कागदावर, चौथीच्या शिक्षणावर. मी त्यांना विचारलं होतं, काय कळतं. उत्तर त्यांनी पाठीमागे लिहून ठेवलं होतं आणि मला दाखवलं नव्हतं.

दुपारी धाकटा आला. "काय ठरलं? मिस्त्री विचारतोय."

आई म्हणाली, "फोडायचं नाही. त्यांची आठवण आहे ती."

मी कागद तिच्या हातात दिला, पाठीमागची बाजू वर. म्हणाले, "आई, वरचा कोबा माझा आहे. त्यांचा हा आहे. हा अजून झालेलाच नाही."

तिनं चष्मा लावून ती रेषा बोटानं जिन्यापासून रस्त्यापर्यंत नेली. मग धाकट्याला म्हणाली, "सांग त्या मिस्त्रीला. पण तो सदरा आणि बटणं असं काही म्हणाला होता ना, त्याला म्हणावं माझ्यासमोर जरा जपून बोल."

धाकट्याला काहीच कळलं नाही. त्याला जिन्यात बसवून सगळं सांगितलं. त्यानं वर जाऊन उंबऱ्यावर पाय ठेवून बघितला. मग म्हणाला, "ताई, म्हणजे एवढी वर्षं मी तुझ्या गणिताला ठेचकाळतोय?"

१९ नोव्हेंबर, बुधवार

वर्गात सांगितलं की शनिवारचं फळ्यावरचं उदाहरण चुकलं होतं, आणि ते का चुकलं. चष्मेवालीचं बरोबर होतं हेही. बाकी काही सांगितलं नाही. एकानं विचारलं, "मग त्या गवंड्यानं काय केलं, बाई?" मी म्हणाले, "सांभाळून घेतलं."

२६ नोव्हेंबर, बुधवार

कोबा फोडला. घणाचा आवाज सहन होईना म्हणून मी मुद्दाम शाळेत उशिरापर्यंत थांबले. हा भित्रेपणाच. संध्याकाळी गेले तर आई खुर्ची टाकून जिन्यात बसलेली, सगळा दिवस बघत. म्हणाली, "घट्ट होता गं. तीन माणसं लागली."

२९ नोव्हेंबर, शनिवार

मिस्त्रीनं दोरी बांधली. मी नवा कागद करून नेला होता. यावेळी तीनदा तपासला. वर स्वच्छ लिहिलं होतं, "दोरीखाली." मिस्त्रीनं वाचला, दोरीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. म्हणाला, "बरोबर आहे, ताई. शिकलेल्या दिसता. पण याची गरज नव्हती, आम्ही डोळ्यांनी भरतो."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तरी ठेवा."

त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

७ डिसेंबर, रविवार

कोबा वाळला. उंबरा गेला, दारात फरशी सपाट. पाइपही काढला, भिंतीवर फक्त त्याची सावलीसारखी खूण उरली आहे. आईनं पेलाभर पाणी मागितलं आणि जिन्यापाशी ओतलं. पाणी थोडं थांबलं, मग पसरलं, मग एका बाजूने निघालं. सगळे खाली बसून बघत होतो. बारा फूट जायला त्याला वेळ लागला. रस्त्याकडच्या भोकातून खाली पडलं तेव्हा आईनं पेला पालथा घातला.

मग ती कपड्यांची बादली घेऊन आत निघाली. दारापाशी आली आणि उंबरा असल्यासारखा तिनं पाय चांगला सहा इंच उचलला, पलीकडे टाकला, दुसराही उचलला. धाकटा हसला, "अगं आई, आता नाहीये तिथे काही."

तिच्या मागोमाग मी गेले. मीही उचलला.